संकेतस्थळाची रचना : नावीन्य आणि सोय



तालुक्याच्या कचेरीत कामासाठी येणाऱ्या माणसाला दोन जागा आधीपासून ठाऊक असतात : एक सूचना फलकाची आणि दुसरी आवक-जावकाच्या टेबलाची. इमारत जुनी दगडी असो किंवा नवी सिमेंटची असो, फलक दर्शनी भिंतीवरच लागतो आणि अर्ज आवकाच्या टेबलावरच स्वीकारला जातो. त्यामुळे यवतमाळच्या कचेरीत वावरलेला मनुष्य पांढरकवड्याच्या कचेरीत गोंधळत नाही. या ठरलेपणाचे श्रेय कोणी कोणाला देत नाही. तथापि रोजमजुरी बुडवून कचेरीत येणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस त्यामुळेच वाचत आलेला आहे.

आज शासनाच्या बहुतेक कचेऱ्यांना, अनेक शाळांना आणि कित्येक ग्रामपंचायतींना एक दुसरे द्वार लाभले आहे. ते म्हणजे संकेतस्थळ. हे द्वार रात्रंदिवस उघडे असते आणि तेथे जाण्यासाठी एस.टी.चे भाडे पडत नाही. मात्र आत शिरल्यावर कोणते टेबल कोठे आहे, हे सांगणारा शिपाई तेथे नसतो. ते काम रचनेलाच करावे लागते. म्हणून संकेतस्थळाची रचना कशी असावी, हा प्रश्न केवळ चित्रकारांचा अथवा संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही. तो लोकप्रशासनाचा प्रश्न झाला आहे.

दोन मागण्या

संकेतस्थळ तयार करून घेताना सामान्यतः दोन मागण्या पुढे येतात. आपले संकेतस्थळ इतरांहून वेगळे दिसावे, त्यावर गावाची, शाळेची, तालुक्याची छाप असावी, ही पहिली. येणाऱ्या माणसाला हवी ती गोष्ट चटकन सापडावी, ही दुसरी. पहिली मागणी नावीन्याची आहे आणि दुसरी सोयीची. दोन्ही रास्त आहेत. परंतु पुष्कळदा त्या एकमेकींच्या आड येतात, आणि कोणती मागणी कोठे मान्य करावयाची हे आधी न ठरल्यास पहिली दुसरीवर मात करते. याचे कारण उघड आहे. नावीन्य उद्घाटनाच्या दिवशी सर्वांना दिसते. गैरसोय मात्र नंतर एकेकट्या माणसाच्या वाट्याला येते आणि तिची नोंद बहुधा कोठे होत नाही.

हा पेच नवा नाही. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपास आलेले रचनाकार रेमंड लोवी यांनी विसाव्या शतकात रेल्वे इंजिनांपासून मोटारींपर्यंत अनेक वस्तूंना नवे रूप दिले. वस्तू जितकी पुढारलेली करता येईल तितकी करावी, पण लोकांना ती आपलीशी वाटेल त्या मर्यादेपर्यंतच, असा त्यांच्या विचाराचा सारांश होता. डेन्मार्कमध्ये जन्मलेले तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी संकेतस्थळांच्या बाबतीत हाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडला. मनुष्य आपला बहुतेक वेळ इतरांच्या संकेतस्थळांवर घालवीत असतो. म्हणून तुमचेही संकेतस्थळ तसेच चालावे अशी त्याची अपेक्षा असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर येणारा शेतकरी त्याआधी बँकेचे, हवामानाचे, बाजारभावाचे पान पाहून आलेला असतो. तेथे अंगठ्याला जी सवय लागली, तीच सवय घेऊन तो येथे येतो.

सातबाऱ्याचा धडा

नावीन्य आणि सोय यांचा मेळ कसा घालावा, याचे उत्तम उदाहरण परदेशात शोधण्याची गरज नाही. ते महाराष्ट्रातील प्रत्येक खातेदाराच्या घरात आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. या दोहोंचा मिळून सातबारा होतो. शाळेत फारसे न गेलेला शेतकरीही या कागदावर स्वतःचे नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र बोट ठेवून दाखवितो. अक्षर वाचण्याआधी तो जागा वाचतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाने हे साक्षरपण आलेले आहे.

सातबारा संगणकावर आणि पुढे संकेतस्थळावर आला, तेव्हा त्याला सर्वस्वी नवे रूप देणे तांत्रिक दृष्ट्या सोपे होते. तसे केले गेले नाही. रकान्यांची मूळ मांडणी कायम राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये, सुमारे पन्नास वर्षांनंतर, या नमुन्यात सुधारणा झाली, तीही विचारपूर्वक. गावाच्या नावासोबत गावाचा संकेत क्रमांक आला. लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज करून एकूण क्षेत्र स्वतंत्रपणे दाखविले जाऊ लागले. खाते क्रमांक खातेदाराच्या नावाजवळ आला. कमी झालेल्या नोंदींवर आडवी रेघ आली आणि प्रलंबित फेरफार ठळकपणे दिसू लागला. यांतील प्रत्येक बदल पूर्वी अडणाऱ्या एखाद्या ठिकाणी केलेला आहे. एकूण क्षेत्र किती, हा प्रश्न खातेदाराला पडत होता; त्याचे उत्तर कागदावर आले. ज्याने जुना सातबारा वाचला होता, त्याला नवा वाचता आला.

यातून एक तत्त्व हाती लागते. सांगाडा परिचित ठेवावा आणि नावीन्य जेथे माणूस अडतो तेथे खर्च करावे. पुढील सर्व विवेचन या एका तत्त्वाचाच विस्तार आहे.

केळापूर की पांढरकवडा ?

माणूस कोठे अडतो, हे शोधण्यासाठी स्थानिक माहिती लागते. पांढरकवड्याचेच उदाहरण घ्यावे. या तालुक्याचे महसुली नाव केळापूर. त्याचे मुख्यालय पांढरकवडा. जगदंबेच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले केळापूर हे गाव वेगळे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय मात्र पांढरकवडा या नावाने ओळखले जाते. येथे वाढलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. परंतु लग्न होऊन तेलंगणातून आलेल्या सुनेला, बदलीवर आलेल्या शिक्षकाला किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि वडिलांची जमीन पाहू इच्छिणाऱ्या मुलाला तालुक्यांच्या यादीत ‘प’ अक्षराखाली पांढरकवडा सापडला नाही, तर तो काय समजेल ? आपला तालुका या यादीत नाही, असेच त्याला वाटेल. शिवाय जिल्हा अमरावती विभागात मोडतो, हे ठाऊक नसल्यास, विभाग निवडण्याची पहिली पायरीच चुकण्याचा संभव. रोमन लिपीत तर या गावाचे नाव दोन-तीन प्रकारे लिहिलेले आढळते. शोधाच्या चौकटीत त्यांपैकी एकच चालत असेल, तर बाकीचे लिहिणारे रिकाम्या हाताने परततात.

येथे खऱ्या कल्पकतेला वाव आहे. यादीत ‘केळापूर (पांढरकवडा)’ असे लिहावे आणि दोन्ही नावांनी शोध लागेल अशी तजवीज करावी. बुद्रुक आणि खुर्द गावे शेजारी-शेजारी, पूर्ण नावाने द्यावीत. यासाठी कोणतेही चित्र, कोणतेही हलणारे अक्षर लागत नाही. पण ही सुधारणा राजधानीत बसलेल्या उत्तमोत्तम रचनाकाराला आपण होऊन सुचणार नाही. ती येथील तलाठ्याला, शिक्षकाला आणि ग्रामपंचायत सदस्यालाच सुचू शकते. संकेतस्थळाचे स्थानिक वैशिष्ट्य म्हणावे ते हेच.

पोळ्याचा साज आणि रोजचे जू

विदर्भातील शेतकरी पोळ्याला बैल सजवितो. शिंगे रंगवितो, झूल घालतो, बाशिंग बांधतो. त्या दिवशी बैलाला काम नसते. दुसऱ्या दिवशी वखराला जुंपताना हा साज उतरविलेला असतो. खांद्यावर जू असते, आणि जू कोठे बसावे याबाबत कोणी नावीन्य करीत नाही. सरकारी संकेतस्थळाचा प्रत्येक दिवस कामाचा असतो. त्यावर कायमचा पोळ्याचा साज चढविला, तर चाल मंदावते.

हा साज कोणता, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. पान उघडताच सुरू होणारे संगीत, एका कडेकडून दुसऱ्या कडेला धावणारी अक्षरे, लुकलुकणारे ‘नवीन’ हे चिन्ह, फिकट पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे, आणि सारा पडदा व्यापणारी एकामागून एक सरकणारी छायाचित्रे. धावती ओळ वाचण्यासाठी डोळ्याला तिच्यामागे धावावे लागते. सावकाश वाचणाऱ्याची ओळ अर्धी वाचून होते न होते तोच ती निघून जाते; आणि नेमकी त्याच ओळीत अर्जाची अंतिम तारीख असते !

या गोष्टींबाबत आता केवळ अभिरुचीवर अवलंबून राहण्याचे कारण नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी जागतिक पातळीवर निकष ठरलेले आहेत. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ हलत राहणारा मजकूर वाचकाला थांबविता आला पाहिजे. कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकू नये, कारण त्यामुळे काही व्यक्तींना झटका येण्याचा धोका असतो. सर्वसाधारण आकाराच्या अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडातील फरक किमान साडेचारास एक असावा. उन्हात, शेताच्या बांधावर उभे राहून मोबाइल पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या शेवटच्या निकषाचे मोल फार आहे. भारत सरकारने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही माहिती सर्वांना सुगम असावी, असे सांगतो.

अक्षर की अक्षराचे चित्र ?

मराठी संकेतस्थळांना आणखी एक जुनी व्याधी आहे. प्रारंभीच्या काळात प्रत्येक संस्थेचा टंक निराळा असे. तो टंक वाचकाच्या संगणकावर नसेल, तर मराठीच्या जागी अगम्य चिन्हे उमटत. १९९१ पासून पुढे आलेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने ही अडचण दूर केली. युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी मजकूर कोणत्याही यंत्रावर दिसतो, त्यातील शब्द शोधता येतो, आणि दृष्टिहीन व्यक्तीला यंत्र तो मोठ्याने वाचून दाखवू शकते.

असे असूनही पुष्कळ सूचना आजही कागदावर छापून, त्यावर शिक्का मारून, त्याचे छायाचित्र संकेतस्थळावर चढविण्याची पद्धत आढळते. कागदाचे छायाचित्र माणसाला दिसते, यंत्राला मात्र ते निव्वळ चित्र असते. त्यात शोध लागत नाही, अक्षर मोठे केल्यास अस्पष्ट होते आणि मोबाइलवर ते उघडण्यास वेळ लागतो. त्याउलट महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांच्या अखेरीस छापला जाणारा संगणक संकेतांक पाहावा. दिसावयास तो आकड्यांची एक रुक्ष ओळ आहे. पण त्या ओळीमुळे हजारो निर्णयांतून हवा तो निर्णय नेमका काढता येतो. उपयुक्तता अशी अनेकदा साध्या वेषात असते. शिक्का असलेली प्रत द्यावयाची असेल तर अवश्य द्यावी. मात्र तिच्या वर तोच मजकूर टंकलिखित अक्षरांत असावा.

सारखेपणाचा आक्षेप

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. सर्वच संकेतस्थळे एका साच्याची झाली, तर गावाचे वेगळेपण कोठे राहिले ? राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेल्या समान आराखड्यावर अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे आज उभी आहेत. ब्रिटनच्या शासनाने २०१२ मध्ये निरनिराळ्या खात्यांची संकेतस्थळे एकाच साध्या आराखड्यात आणण्यास प्रारंभ केला. त्या संकेतस्थळावर नजरेत भरावे असे काहीच नव्हते. तरीही २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातील सर्वोत्तम रचनेचा मान त्यालाच दिला. त्यासाठी वापरलेला टंक तेथील रस्त्यांवरील फलकांच्या अक्षरांवरून घेतलेला होता, ही गोष्ट सूचक आहे. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर नागपूरकडून हैदराबादकडे निघालेल्या वाहनचालकाला प्रत्येक जिल्ह्यात वळणाची निराळी खूण दिसली, तर काय होईल याची कल्पना करावी. खुणा सारख्या आहेत म्हणून कोणत्याही गावाचे वेगळेपण हरवत नाही. खूण वळण दाखविते. गाव पुढे असते.

तथापि आक्षेपातील सत्यांशही मान्य केला पाहिजे. साचा तयार मिळाला की तो भरण्याचा आळस होतो. ‘लवकरच येत आहे’ असे लिहिलेले पान वर्षानुवर्षे तसेच राहते. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक कायम राहतो. दुसऱ्या ठिकाणचा मजकूर केवळ नाव बदलून उतरविला जातो. अशा ठिकाणी सोयही नसते आणि वेगळेपणही नसते. साचा समान असावा, पण त्यातील विचार उसना नसावा.

या भागाचे वेगळेपण मोठे आहे. कापूस हे येथील मुख्य पीक. टिपेश्वरचे अभयारण्य जवळ. तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. गोंड आणि कोलाम समाजाची वस्ती येथे आहे, आणि गोंडी व कोलामी या द्राविड कुळातील भाषा घरात बोलणाऱ्या नागरिकाची कार्यालयीन मराठीशी ओळख शाळेत होते. बंजारा बोली आणि तेलुगूही कानी पडते. या सर्वांचे प्रतिबिंब संकेतस्थळावर पडावे. मात्र ते कडेच्या नक्षीपुरते नसावे. जंगलालगतच्या गावात वन्य प्राण्याने जनावर मारले, तर कोणाला, किती मुदतीत आणि कोणत्या कागदांसह कळवावे, हे पहिल्याच पानावर ठळकपणे आढळले, तर ते संकेतस्थळ खऱ्या अर्थाने या भूमीचे झाले. ‘अनुज्ञेय’, ‘उपरोक्त’, ‘विहित नमुना’ या शब्दांऐवजी ‘मिळू शकते’, ‘वर सांगितलेले’, ‘ठरलेला अर्ज’ असे लिहिले, तर कोलाम पोडावरील विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीचे पान स्वतः वाचता येईल.

पणाला काय लागते ?

ही चर्चा तात्त्विक वाटू नये. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग केंद्राबाहेर लागत असे आणि ती डोळ्यांना दिसत असे. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी सीसीआयने मोबाइलवरील नोंदणी आवश्यक केली. २०२१ पासून पिकाची नोंदही शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावी अशी ई-पीक पाहणीची व्यवस्था आली. रांग आता पडद्यावर गेली आहे आणि ती कोणाला दिसत नाही. एखादे बटन सापडले नाही, एखादा शब्द कळला नाही, तर शेतकरी रांगेतून बाहेर पडतो आणि त्याचा कापूस व्यापारी देईल त्या भावाने जातो. नोंदणी न केलेल्यांच्या संख्येत तो मोजला जातो. रचनेमुळे अडलेल्यांच्या संख्येत नाही.

रचना अवघड झाली की मध्यस्थ वाढतात. पूर्वी कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा बसत असे. आता तेच काम यंत्रासमोर बसून होते. गावातील सेवा केंद्रे उपयुक्त काम करतात यात शंका नाही. परंतु जे काम नागरिकाला स्वतः करता यावे, ते केवळ क्लिष्टतेमुळे दुसऱ्याकडे सोपवावे लागणे आणि त्यासाठी पैसे व पासवर्ड दोन्ही त्याच्या हाती देणे, हे इष्ट नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि सेवा न मिळाल्यास अपिलाची तरतूद आहे. पण हा हक्क बजावण्यासाठी अर्जाची पोच आणि तिचा क्रमांक हाती असावा लागतो. तो क्रमांक मोठ्या अक्षरांत, जपून ठेवता येईल असा देणे, हे रचनाकाराचे सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य मानावे लागेल.

पाच माणसांची परीक्षा

नावीन्य कोठे थांबवावे, याचा निवाडा बैठकीत होत नाही. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. जेकब नीलसन यांनी २००० मध्ये असे दाखवून दिले की, केवळ पाच माणसांना संकेतस्थळ वापरावयास दिले, तरी त्यातील बहुतेक ठळक दोष उघडकीस येतात. या परीक्षेला खर्च जवळजवळ नाही, आणि ती कोणत्याही ग्रामपंचायतीत किंवा शाळेत घेता येते.

पाच माणसे बोलवावीत : एक शेतकरी, एक अंगणवाडी सेविका, दहावीतील एक विद्यार्थिनी, एक वृद्ध निवृत्तिवेतनधारक आणि मराठी ही मातृभाषा नसलेली एक व्यक्ती. प्रत्येकाच्या हाती त्याच्या नेहमीच्या वापरातला मोबाइल असावा. कार्यालयातील मोठा संगणक नको. जन्माचा दाखला कसा मिळतो ते शोधा, ग्रामसभा कोणत्या तारखेला आहे ते सांगा, शाळेच्या मुख्याध्यापकांचा क्रमांक काढा, अशी साधी कामे द्यावीत. त्यानंतर संकेतस्थळ तयार करणाऱ्याने आणि अधिकाऱ्याने शेजारी बसून गप्प राहावे. ही अट पाळणे सर्वांत कठीण आहे. अंगठा कोठे थांबतो, कोणता शब्द दोनदा वाचला जातो, माणूस कोणत्या पानावरून मागे फिरतो, एवढेच लिहून घ्यावे. पाचांपैकी तिघे जेथे थांबतात, तेथे दोष माणसांचा नसून रचनेचा आहे असे समजावे आणि ती जागा दुरुस्त करावी. नंतर आणखी पाच माणसे बोलवावीत.

या परीक्षेत उतरणारे नावीन्य अवश्य ठेवावे. गावाच्या वेशीचे छायाचित्र, शाळेतील मुलांनी काढलेले चित्र, स्थानिक बोलीतील स्वागताचा एखादा शब्द यांनी पानाला आपलेपणा येतो. अंगणातील रांगोळी घराची शोभा वाढविते. ती दारातून येण्याजाण्याची वाट अडवीत नाही, इतकेच पाहावयाचे असते.

शिक्षकांनी हा प्रयोग शाळेच्या संकेतस्थळापासून सुरू करावा आणि निरीक्षणाचे काम विद्यार्थ्यांकडे द्यावे. पंचायत सदस्यांनी पुढील ग्रामसभेपूर्वी आपल्या पंचायतीचे पान एकदा मोबाइलवर उघडून पाहावे. अधिकाऱ्यांनी नवे संकेतस्थळ स्वीकारताना ते कसे दिसते याबरोबरच पाच माणसांच्या परीक्षेचा अहवाल मागावा, आणि तो मिळाल्याखेरीज देयक मंजूर करू नये.